झुंबरमावशीचा पुठ्ठा

माझी आणि झुंबरमावशीची ओळख भांडणातून झाली. आणि भांडणात मी हरलो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याकडून फार अपेक्षा राहायला नकोत.

पिरंगुटच्या ज्या कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो, तिथं गाड्यांच्या ब्रेकचे लोखंडी सुटे भाग बनायचे. कारखान्याच्या भाषेत त्यांना जॉब म्हणतात. मशीनवरून उतरलेला जॉब तेलानं आणि लोखंडाच्या चुऱ्यानं माखलेला असतो. तो वॉशिंगच्या खोलीत जायचा. तिथं सहा बायका रॉकेलच्या ट्रेमध्ये ब्रशनं घासून तो धुवायच्या, एअर गननं हवा मारून वाळवायच्या, आणि मग तो माझ्या टेबलावर यायचा. ओला आला की मी परत पाठवायचो. माझं डोकं तापायला तेवढं पुरायचं. एका सकाळी मी सलग तीन क्रेट परत पाठवले आणि वर निरोप दिला, "म्हणावं, झोपेत काम करता का?"

पाच मिनिटांत दारात एक बाई उभी. पन्नाशीची, काटक, कपाळाला कुंकवाची आडवी चिरी, पदर खोचलेला.

"कोन हाय हितला चष्मेवाला?"

तिथं आम्ही तिघं चष्मेवाले होतो. पण बाकीच्या दोघांनी, देव त्यांचं भलं करो, एकदम माझ्याकडे बोट केलं.

बाई सरळ आली आणि दोन्ही हात माझ्या नाकाखाली धरले. "घ्या वास."

मी घेतला. "कसला वास? काही नाही येत."

ती माझ्याकडे बघत राहिली. राग गेला, आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क माझी कीव आली. "मंग तुमी बी गेला कामातनं. आत्ता राकेलात बुडवून काढल्यात हात. गेटावरचा वॉचमन धा पावलांवरनं नाक धरतुया, आन् तुमाला वास येत न्हाई व्हय?"

माझ्या टेबलाची आणि वॉशिंगची भिंत एकच होती, आणि मी तिथं सात वर्षं बसत होतो.

"आन् ह्ये बघा," ती म्हणाली, "वल्ला जॉब नको आसंल तर चार मिंटं वाळू द्या. हवा जास्ती मारली की समदं राकेल आमच्या तोंडावर येतंय. तुमचं काय लगीन खोळंबलंय?"

माझं लग्न होऊन बारा वर्षं झाली होती. तरीही मी "नाही" म्हणालो, आणि सगळं डिपार्टमेंट हसलं. त्या दिवसापासून मी तिचा 'चष्मेवाला' झालो. आजतागायत तिला माझं खरं नाव ठाऊक नसावं.

झुंबरमावशी माले गावची. घरी मेंढरं, शेळ्या आणि तुकडाभर भातखाचर. नवरा रानात मेंढरांमागं. ही पहाटे उठून भाकऱ्या बडवणार, टमटम पकडून पौडला आणि तिथून बसनं पिरंगुटला येणार. कुणालाही नावानं हाक मारायची नाही, हा तिचा नियम. स्टोअरवाला 'कुलूपराव', कॅन्टीनवाला 'पातळभाजी', आणि कारखान्याचे मोठे साहेब नुसते 'थोरलं'. साहेबांना ते माहीत होतं. मला तर वाटतं, त्यांना ते आवडतही होतं.

जेवताना तिची एक तऱ्हा होती. भाकरीला हात लावायची नाही. फडक्यात गुंडाळलेली भाकरी फडक्यासकट धरून, तोंडानंच तोडून खायची. आधी मला वाटलं काही सोवळं-ओवळं असेल, आणि मी तशी थट्टाही केली. ती चिडली नाही. म्हणाली, "तीनदा साबन लावला तरी हाताचं राकेल भाकरीला लागतंय. प्वाटात कशाला घालायचं?" वॉशिंगच्या खोलीत कुणी चहाचा कप आणला की ती तो ओतून द्यायची. भरलेला असला तरी. मोठ्या साहेबांच्या पाहुण्याचाही एकदा ओतला होता.

नाक मेलं, की माणूस बिनधास्त होतो. हे मला तिनंच समजावलं. नवीन बाई आली की चार दिवस नाकाला पदर लावते, पाचव्या दिवशी म्हणते, आता सवय झाली. "सवं झाली म्हन्ती," मावशी म्हणायची, "आगं, वास मेला म्हंजी राकेल मेलं न्हाई. त्ये हाय तितंच हाय. तुजं नाक तेवढं मेलंय."

तिला हे सगळं कशावरून कळलं? शिकलेली म्हणाल तर आकडे ओळखायची, सही करायची, बास. मी विचारलं तेव्हा तिनं कोकराचं सांगितलं. तिच्या एका मेंढीनं कोकराला जन्म देऊन जीव सोडला. मावशी त्याला बाटलीनं दूध पाजायची. तोवर ती कारखान्यात लागून महिना झाला होता. कोकरू भुकेनं ओरडायचं, पण हिचा हात जवळ आला की तोंड फिरवायचं. तिनं साबण लावला, राख लावली, लिंबू चोळलं. कशानं काही नाही. शेवटी सुनेनं बाटली हातात घेतली आणि ते मुकाट प्यायला लागलं.

"लई वंगाळ वाटलं बगा," ती म्हणाली. "समदा जल्म मेंढरांत गेला, आन् माज्या हातचं कोकरानं टाकलं."

हे सांगताना ती हसत होती, पण मला काही हसू आलं नाही.

त्यानंतर तिनं पुठ्ठा सुरू केला. जॉबच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा, त्यावर चौकटी आखलेल्या, एका दिवसाची एक चौकट. सुटी व्हायच्या वेळी ती वॉशिंगच्या दारात उभी राहायची, आणि बायका एकेक करून बाहेर पडल्या की वाड्यात शिरणारी मेंढरं मोजावीत तशी मोजायची. "डोस्कं?" दुखत असेल तर एक रेघ. "गरगर?" असेल तर फुली. रेघा मारायची माझ्या टेबलावरून पळवलेल्या लाल पेन्सिलनं. ती पेन्सिल नापास जॉबवर खूण करायची असते. रोज एक नाहीशी व्हायची आणि मी कुलूपरावाशी भांडायचो. पुठ्ठ्याचा पत्ता लागल्यावर मी कपाळाला हात लावला. "मावशी, ह्याचा काय उपयोग?" ती म्हणाली, "मोजल्याबिगर मेंढरू कमी झाल्यालं कळत न्हाई."

तिचं आमच्यात खरं वजन वाढलं ते यादव फिटरमुळे. हा यादव मिशाळ, धिप्पाड, पण अक्कल गुडघ्यात. ड्रममधून रॉकेल काढायचं तर नळीचं एक टोक ड्रममध्ये, दुसरं तोंडात, आणि घ्यायचा जोराचा घोट ओढून. रोजचं होतं ते, सगळे बघायचे. एक दिवस घोट घशाखाली गेला. यादव खोकून खोकून लाल. धावपळ झाली, कुणीतरी मिठाच्या पाण्याचा तांब्या आणला, उलटी काढायला.

मावशीनं तो तांब्या उडवलाच. "उलटी काडाल तर खबरदार! प्वाटातलं वर यील आन् फुफ्फुसात शिरंल!" मालेत शेजारच्या पोरानं बाटलीतलं रॉकेल प्यायलं होतं, घरच्यांनी उलटी काढली, आणि पोर कितीतरी दिवस दवाखान्यात छातीच्या दुखण्यानं पडून होतं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेलं हिनं गाठीला बांधलेलं. तिनं यादवला ताठ बसवलं, रॉकेलनं भिजलेला शर्ट फाडून काढला, आणि त्याला मोठ्या साहेबांच्या गाडीत घातलं. साहेबांना विचारलंसुद्धा नाही, ड्रायव्हरला नुसतं म्हणाली, "चल." दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उलटी काढली नाहीत हे फार चांगलं केलंत.

चार दिवसांनी यादव आला तो थेट तिच्या पायावर. "मौसी, आपने जान बचा ली."

"पाया नको पडू," मावशी म्हणाली, "ड्रमाला हातपंप लाव." त्याच दुपारी लागला. तोंडानं ओढणं बंद झालं ते कायमचंच.

हातमोज्यांचंही तसंच. कंपनीनं बायकांना पांढरे सुती हातमोजे दिले आणि वर फोटोही काढला. मावशीनं दोन दिवस वापरले. तिसऱ्या दिवशी ती मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि त्यांच्या टेबलावर, फायलींच्या मधोमध, एक हातमोजा पिळला. रॉकेलची धार लागली. "ह्ये हातमोजं न्हाईत सायेब, राकेलचं पोटीस हाय. दिसभर हाताला बांधून ठिवायचं." साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आठवडाभरात रॉकेल आत न शिरणारे निळे हातमोजे आले.

एवढं होऊनही मुख्य दुखणं तसंच होतं, ते म्हणजे खोली. वॉशिंगच्या खोलीचं शटर बंद असायचं, कारण बाहेरच्या रस्त्याची धूळ ओल्या जॉबवर बसायची, आणि धूळ बसलेला जॉब मी नापास करायचो. हो, मीच. आत एअर गन चालू, रॉकेलचा नुसता धुरळा, आणि बाहेर टाकायला एक लहानसा पंखा, तोही अर्धा वेळ बंद. पुठ्ठ्यावर रेघा वाढत होत्या.

त्या सहाजणींत संगीता सगळ्यात लहान. भुकूमला खोली भाड्यानं घेऊन राहायची, पदरी दोन मुली, नवरा असून नसल्यासारखा. तिच्या वाट्याला रेघाही जास्त, फुल्याही जास्त. एका दुपारी एअर गन हातात असतानाच ती गरगरून ट्रेच्या काठावर आदळली. ओठ फाटला, दोन टाके पडले. दुसऱ्या दिवशी पट्टी लावून कामावर हजर. न येऊन करते काय?

मावशी तिला घेऊन केबिनमध्ये गेली आणि जॉब धुवायची मशीन मागितली. मी परत केलेल्या क्रेटचा कागद घेऊन तिथंच उभा होतो, म्हणून सगळं माझ्यासमोर घडलं.

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. पण हिशेबी होते. म्हणाले, "मावशी, वास येतो म्हणून मशीन आणायची का? मला पुरावा लागतो. आपण बाहेरून तज्ज्ञ बोलावू. खोलीतल्या हवेत, तुमच्या नाकाजवळ, रॉकेल किती आहे ते मोजू. मर्यादेच्या वर आलं, तर बंद झाकणाची वॉशिंग मशीन आणतो. रॉकेलच नको, साबणाच्या पाण्यावर चालणारी. पण मर्यादेत आलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," मावशी म्हणाली.

बाहेर आल्यावर संगीताच रडायला लागली. "मावशी, मशीन आली की आपण सहाजणी घरी."

"मशीन काय आपसूक चालती व्हय गं? भरायला-काढायला मानूस लागतुयाच. आदी जीव तर ऱ्हाऊ दे."

मोजणारी आली ती कीर्ती मॅडम. पोरसवदा, पाठीवर पिशवी. तिनं बायकांच्या कमरेला काडेपेटीच्या पुड्याएवढा एकेक छोटा पंप लावला, त्याची नळी वर आणून काचेची कांडी कॉलरपाशी टाचली. "तुम्ही श्वासातून जी हवा घेता तीच यात ओढली जाईल, आणि रॉकेल आतल्या कोळशात अडकेल. शिफ्ट संपेपर्यंत काढायचं नाही. रोजच्यासारखंच काम करा."

आता आमच्या मुलखाची रीत सांगतो. पाहुणा येणार म्हटलं की घर सारवलंच पाहिजे. पोटात कितीही दुखत असो, पाहुण्यासमोर पसारा दिसता कामा नये. बायकांनी आदल्या दिवशी थांबून खोली धुऊन काढली होती. ट्रे घासून लखलखीत, त्यात ताजं रॉकेल, तेही बेतानं. दोन्ही शटरं वर, कारण मॅडमला कोंदट वाटायला नको. एअर गन खुंटीला, कारण पाहुणीच्या अंगावर कसं उडवायचं? जॉब चक्क फडक्यानं पुसत होत्या. आणि मी शहाणा! मी मशीन शॉपला सांगून त्या दिवशी निम्माच माल वॉशिंगला पाठवला, म्हणजे खोली मोकळी दिसेल. त्यात संगीतानं खाली वाकताना पंप ट्रेमध्ये पडायला नको, महागाचा असणार, म्हणून तो काढून शटरपाशी खिळ्याला टांगला. तिचं बघून आणखी दोघींनी टांगला. कीर्ती मॅडम तेव्हा ग्राइंडिंगला मोजमाप लावायला गेली होती.

ती परत येताना दिसली तसे तिघींनी पंप पुन्हा कमरेला लावले. आत येऊन तिनं विचारलं, "रोज असंच असतं का इथं?"

"व्हय व्हय, रोज असंच!" सहाही जणी एका सुरात. झुंबरमावशीसुद्धा. मीही मान डोलावली, सगळ्यांच्या आधी. वर मावशीनं मॅडमला घरच्या तांदळाच्या पापड्या बांधून दिल्या.

निकाल आला. मर्यादेच्या पुष्कळ आत.

साहेबांनी तो नोटीस बोर्डावर लावला. मोजणीच्या दुसऱ्या दिवसापासूनच पुन्हा शटर खाली, एअर गन सुरू, पूर्ण माल असं चालू होतं. निकाल लागला तशी मावशी बोलायचीच बंद झाली. मला चष्मेवालासुद्धा म्हणेना. संगीताचं तर ठरलंच होतं, महिना भरला की सोडायचं. दुसरीकडे काम कुठं आहे, ते मात्र तिला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत मावशीनं पुठ्ठा आणून माझ्या टेबलावर पसरला.

"बगा."

मी बघितलं. गुरुवारची सुटी सोडली, तर प्रत्येक चौकटीत लाल रेघा, कुठं दोन, कुठं पाच. सगळ्या पुठ्ठ्यावर कामाच्या दिवसाची एकच चौकट कोरी होती.

"ह्यो दिस कुटला?" तिनं विचारलं.

मोजणीचा होता.

"त्या दिशी एकीचं बी डोस्कं दुकलं न्हाई. संगीचं बी न्हाई." ती माझ्यासमोर स्टुलावर बसली. "पाव्हना आला म्हनून आपन घर झाडलं, चष्मेवाले. आन् पाव्हना सांगून ग्येला, घर सोच्छ हाय. त्यात पाव्हन्याची काय चूक?"

निम्मा माल कुणी पाठवला होता?

"मी जाते थोरल्याकडं," ती म्हणाली. मी म्हणालो, "मावशी, शब्द दिलाय तुम्ही. आणि आपणच फसवलं असं सांगितलंत तर घरी बसवतील." ती पुठ्ठ्याची घडी करत म्हणाली, "बसवू देत. संगी पडली तवा ट्रे हुता. उद्या भायेर चालत्या मशीनवर पडली तर?"

मी पाठोपाठ गेलो. शूर म्हणून नव्हे. आत नक्की कुणाचं नाव निघतंय ते ऐकायला.

"सायेब, आमी खोटं वागलो," तिनं उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. शटरं, एअर गन, खिळ्याला टांगलेले पंप, "रोज असंच" म्हणालो तेही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिनं ती साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवली.

साहेब भडकले. "मावशी, तुम्ही कबूल केलं होतंत!"

"व्हय, केलं हुतं. माप वर आलं तर मशीन, खाली आलं तर गप बसायचं. पर माप झालंच कुटं? झालं त्ये झाडल्याल्या घराचं झालं."

"आणि या रेघोट्या म्हणजे पुरावा?"

मावशी माझ्याकडे वळली. ओरडली नाही, विनवलं नाही. "चष्मेवाले, त्या दिशी माल किती आला हुता?"

मूग गिळून बसायची मला सात वर्षांची सवय. पण ती नुसती बघत होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "निम्मा. मीच सांगितलं होतं साहेब. शटर बंद ठेवायला लावणाराही मीच."

साहेबांनी पुठ्ठा पुढ्यात ओढून त्या कोऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. मग त्यांनी फोन उचलून कीर्ती मॅडमला लावला.

ती दुसऱ्याच दिवशी आली. पुठ्ठ्यासमोर गुडघ्यावर बसली, प्रत्येक चौकटीवरून बोट फिरवलं, फोटो काढले. मग साहेबांना म्हणाली, "चूक माझी आहे सर. मी दिवसभर तिथं उभं राहून बघायला हवं होतं. पुन्हा मोजते, आणि या वेळी कधी येणार ते सांगणार नाही."

आली ती महिनाअखेरीला. माल छतापर्यंत, शटर खाली, एअर गन किंचाळतेय. तिला दारात बघताच बायकांचे हात आपोआप झाडूकडे गेले, आणि मावशीनं संगीताच्या मनगटावर फटका मारला. "खबरदार कुनी क्येर काडला तर! लाज वाटली तरी वाटू द्या. आज आपला पसारा मोजायचाय!"

पंप लागले. मावशीनं प्रत्येकीच्या नळीला आणखी एकेक पिन टोचली आणि दम दिला, "म्येलं तरी काडायचं न्हाई." स्वतः ती एअर गनवर उभी राहिली, जिथं सगळ्यात जास्त उडतं तिथं. मॅडम या वेळी कुठं गेली नाही. कोपऱ्यात स्टूल घेऊन बसली, वहीत लिहीत. दुपारी तीनच्या सुमाराला तिनं वही मिटली आणि कपाळ धरलं.

सुटी झाली. मावशी दारात पेन्सिल घेऊन उभी. "डोस्कं?" एकेक रेघ पडत गेली. तिची स्वतःची धरून सहा झाल्या. शेवटी कीर्ती मॅडम आली. मावशीनं तिलाही विचारलं, "डोस्कं?" मॅडमनं पेन्सिल तिच्या हातून घेतली आणि सातवी रेघ स्वतः ओढली.

निकालाच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना शॉपमध्येच बोलावलं. कागद उभ्यानं वाचला. सहाही जणींचं माप मर्यादेच्या वर. सगळ्यात जास्त एअर गनवरचं, म्हणजे मावशीचं. "मी शब्द दिला होता," साहेब म्हणाले, "मशीन येईल. तोवर शटर उघडं, आणि एअर गन बंद." मग माझ्याकडे बघून, "आणि धूळ बसली तर इन्स्पेक्शननं स्वतः पुसून घ्यावी." शॉपमध्ये अशी शिट्टी वाजली की विचारू नका. यादवची होती. मीही टाळ्या वाजवल्या, आणि पुढचे तीन महिने फडकं घेऊन जॉब पुसले. मावशी जाता-येता बघायची आणि म्हणायची, "ह्यो कोपरा ऱ्हायला."

मशीन आली तेव्हा तिच्याबरोबर एक शिकलेला ऑपरेटरही आला. बायकांची तोंडं उतरली. मावशी त्याच्या मागं सावलीसारखी लागली. कुठलं बटण कशाला, पाणी किती, झाकण कधी उघडायचं. प्रश्न विचारून विचारून तिनं त्याला हैराण केलं. पाचव्या दिवशी ती साहेबांना म्हणाली, "ह्या पोराला त्येच्या गावाला जाऊ द्या. मशीन आमी चालवनार." आणि सगळ्यांसमोर भरली, झाकण लावलं, चालवली, काढली. जॉब कोरडा ठणठणीत. मी तपासला आणि पास केला. सहाजणींपैकी एकही घरी गेली नाही.

त्या संध्याकाळी ती दारात उभी राहिली. डोस्कं? न्हाई. डोस्कं? न्हाई. संगीताचा नंबर आला, तर संगीता नुसती मान हलवत हसायला लागली, आणि मग मावशीला मिठी मारून हमसाहमशी रडली. मलाही रडू आलं. हो, आलं. चष्मा काढून पुसावा लागला, आणि त्यावरूनही ती बोललीच.

मावशी आता कारखान्यात नाही. वय झालं, रीतसर निवृत्त झाली. संगीता मशीनची मुख्य आहे, ओठावरचा टाक्यांचा व्रण तेवढा दिसतो. मावशी मला शेवटची दिसली ती गेल्या महिन्यात, पिरंगुटच्या चौकात. रस्त्याच्या कडेला एक गाडी उभी होती, आणि पुढच्या सीटवर, खांद्यावरून पट्टा आवळून, झुंबरमावशी. गाडी कीर्ती मॅडम चालवत होती. पलीकडच्या एका वर्कशॉपमध्ये आठ बायका रॉकेलवर काम करतात, तिथं मोजमाप लावायचं होतं. मॅडम हल्ली कुठंही मोजायला जायच्या आधी हिला घेऊन जाते.

मी हात हलवला. तिनं काच खाली केली.

"काय मावशी, आता तुम्ही तज्ज्ञ झालात!"

"कसली तज्ज्ञ, चष्मेवाले! आमी येनार म्हनून त्या बायांनी काल राती समदं झाडून ठिवलं आसंल." गाडी सुटली तशी तिनं मान बाहेर काढून ओरडून सांगितलं, "जाऊन आदी पसारा घालायला लावते!"